चाश्तची नमाज आणि आपल्या फजाइलच्या पुस्तिका

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा होते तेव्हा कथा, कविता, आत्मकथन आणि वैचारिक लेख एवढेच आपल्या डोळ्यांसमोर असते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून या लेखनाचे मोजमाप करण्याची थोडीफार परंपरा आपल्याकडे तयार झाली आहे. परंतु ज्या गद्याला आपल्या घरात सर्वांत जास्त हात लागतो, ते या चर्चेत कधीच येत नाही. ते गद्य म्हणजे फजाइल आणि मसाइलच्या छोट्या पुस्तिका. मशिदीच्या दाराशी, दर्ग्याच्या वाटेवर, इज्तेमाच्या मैदानात त्या मिळतात. आधी त्या उर्दूतच असत. आता मराठीतही मुबलक आहेत. उशाशी, कपाटात, शिलाई मशीनच्या खणात त्या पडलेल्या असतात आणि वाचल्याही जातात. 'हे धार्मिक आहे' असे म्हणून आपण त्यांना समीक्षेतून सूट देतो. पण जे गद्य माणसाच्या दिवसाची आखणी करते, त्याच्या मनात उमेद किंवा भीती घालते, त्याला अशी सूट का असावी? दीनला प्रश्न विचारणे वेगळे आणि दीनविषयी लिहिणाऱ्याच्या गद्याला प्रश्न विचारणे वेगळे. आपल्या मुहद्दिसांनी दुसरे काम बाराशे वर्षांपूर्वीच सुरू केले होते.

या लेखात मी एकच विषय घेतला आहे, चाश्तची नमाज. विषय लहान आहे. ही नमाज फर्ज नाही, वाजिब नाही. पढली तर सवाब आहे, नाही पढली तर गुन्हा नाही. म्हणूनच तिच्यावर लिहिणाऱ्याला वाचकाचे मन वळवावे लागते, आणि तो मन कशाने वळवतो यावरून त्याच्या गद्याची पारख होते. माझे म्हणणे असे, की आपल्या पुस्तिका चाश्तविषयी जे सर्वांत भक्कम आणि सर्वांत सुंदर आहे ते मागे ठेवतात आणि जे कच्चे आहे ते पुढे करतात. त्यामुळे ही नमाज कोणाला व्यवहार वाटते, तर कोणाला धाक वाटते.

आधी मसाइल थोडक्यात सांगते. अरबीत या नमाजला सलातुज्जुहा म्हणतात. 'जुहा' म्हणजे ऊन वर आल्यानंतरचा दिवस. कुरआनमधील ९३ वी सूरह याच वेळेच्या शपथेने सुरू होते. बकरी ईदला आपण ईदुल अजहा म्हणतो, त्यातला 'अजहा' शब्दही याच मुळाचा आहे, कारण कुर्बानी दिवस चढल्यावर होते. 'चाश्त' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ चढत्या दिवसाची वेळ असाही होतो आणि त्या वेळचे खाणे असाही होतो. वऱ्हाडात 'न्याहारीची येळ' म्हणतात त्यातही वेळ आणि खाणे अशीच एकत्र आहेत. मराठी पुस्तिकांत 'पूर्वाह्नकालीन ऐच्छिक प्रार्थना' असा शब्दप्रयोग मी पाहिला आहे. तो चूक नाही, पण त्या शब्दांनी वाचकाला ऊन जाणवत नाही. 'न्याहारीच्या वेळची नमाज' म्हटले की निंदणाला जाणाऱ्या बाईलाही वेळ कळते.

सूर्य क्षितिजावर भालाभर वर आला, म्हणजे उगवल्यानंतर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, ही वेळ सुरू होते आणि सूर्य माथ्यावर येण्याआधी संपते. दिवसाचा चौथा हिस्सा सरल्यानंतरची वेळ अधिक पसंतीची मानतात. अगदी सुरुवातीच्या वेळी जी पढतात तिला आपल्याकडील उर्दू पुस्तके इश्राक म्हणतात आणि चाश्त वेगळी मानतात. बऱ्याच मुहद्दिसांच्या मते ही एकाच नमाजची दोन टोके आहेत. कमीत कमी दोन रकअती. तिला अजान नाही, इकामत नाही. किराअत मनातल्या मनात. सूरह कोणतीही चालते. वश्शम्स आणि वज्जुहा पढण्याची पद्धत चांगली आहे, पण ती अट नाही. हनफी मतानुसार दिवसाच्या नफ्लमध्ये एका सलामने चारपर्यंत रकअती पढता येतात.

इथेच एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. अनेक पुस्तिकांत चाश्तची वेळ 'सकाळी ९ ते ११' अशी बाराही महिन्यांसाठी छापलेली असते. आपल्या वाशीम जिल्ह्यात जानेवारीत सूर्य सुमारे सातला उगवतो आणि जूनच्या सुरुवातीला पावणेसहाच्या आतबाहेर. सूर्योदय ते सूर्यास्त असा दिवस धरला तर त्याचा चौथा हिस्सा हिवाळ्यात पावणेदहाच्या सुमारास सरतो आणि उन्हाळ्यात नऊच्या सुमारास. हदीसमध्ये ही वेळ घड्याळाने सांगितलेली नाही. हजरत जैद बिन अर्कम (रजि.) यांनी काही लोकांना ही नमाज लवकर पढताना पाहिले. त्यावर त्यांनी प्रेषितांचे (स.) जे सांगणे ऐकवले, त्याचा आशय असा, की अव्वाबीनची, म्हणजे अल्लाहकडे वळणाऱ्यांची नमाज, उंटाच्या पिलांचे पाय तापू लागतात तेव्हाची आहे. ही मुस्लिम शरीफची हदीस. मराठी पुस्तिका 'उंटाची पिले' एवढे भाषांतर करून पुढे जातात. उंट ठेवावाच, तो मूळ शब्दाचा हक्क आहे. पण 'अनवाणी पायाला माती चटका देऊ लागते ती वेळ' एवढे एक वाक्य जोडले असते, तर आमच्या भागातल्या वाचकाला घड्याळाची गरज पडली नसती.

आता निवडीकडे येऊ. कोणत्याही संकलनाची पारख त्यातील निवडीवरून होते. इमाम नववी (वफात ६७६ हिजरी, इ. स. १२७७) यांचे 'रियाजुस्सालिहीन' हे फजाइलचेच पुस्तक आहे. ते विद्वानांपुरते नाही, सर्वसामान्यांच्या सुधारणेसाठी आहे. त्यात चाश्तच्या प्रकरणात त्यांनी मोजक्याच हदीस घेतल्या. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना प्रेषितांनी तीन गोष्टींची ताकीद केली होती. दर महिन्याला तीन रोजे, चाश्तच्या दोन रकअती आणि झोपण्याआधी वित्र. ही पहिली. दुसरी हजरत अबू जर (रजि.) यांची, शरीराच्या सांध्यांच्या सदक्याविषयी. तिसरी हजरत आयशा (रजि.) यांची, प्रेषित चार रकअती पढत आणि अल्लाहच्या मर्जीप्रमाणे वाढवत. चौथी हजरत उम्मे हानी (रजि.) यांची, मक्का-विजयाच्या दिवशीच्या आठ रकअतींची. नंतरच्या लहान प्रकरणात वर सांगितलेली जैद बिन अर्कम यांची हदीस. बस. सोन्याचा महाल त्यात नाही आणि समुद्राच्या फेसाइतके गुन्हे माफ होण्याची रिवायतही त्यात नाही.

आपल्या पुस्तिका उघडा. पहिल्याच पानावर सोन्याचा महाल असतो. बारा रकअती पढणाऱ्यासाठी जन्नतमध्ये सोन्याचा महाल बांधला जाईल ही रिवायत तिर्मिजीत आणि इब्ने माजात आहे, हे खरे. पण तिर्मिजींनी तिच्याखाली शेरा मारला आहे, की ही गरीब आहे, याच एका वाटेने ती आमच्यापर्यंत आली. पुष्कळ मुहद्दिसांनी तिची सनद कमजोर ठरवली. 'मिश्कात'कारांनी ही रिवायत घेतली तेव्हा तिर्मिजींचा शेराही सोबत घेतला. पुस्तिकेत उतरताना रिवायत आली आणि शेरा गळाला. एखाद्या कर्जाच्या कागदावरून एक ओळ खोडली तर आपण त्याला काय म्हणतो?

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की फजाइलच्या बाबतीत कमजोर रिवायत घेण्याची मुभा मोठ्या आलिमांनी दिली आहे. पण मुभेला अटी आहेत. कमजोरी फार नसावी, मूळ अमल पक्क्या दलीलने सिद्ध असावा आणि वाचकाने ती गोष्ट निश्चित समजू नये. तिसरी अट पाळायची तर लेखकाने शेरा छापायलाच हवा. तो गाळला की मुभा संपली.

या बाबतीत आमच्या हनफी फकीहांची एक ओळख मला फार शिकवून गेली. अल्लामा हस्कफी (वफात १०८८ हिजरी, इ. स. १६७७) 'दुर्रे मुख्तार'मध्ये चाश्तच्या रकअतींचा हिशोब देतात. कमीत कमी दोन, जास्तीत जास्त बारा आणि मधल्या आठ. यांपैकी उत्तम कोणत्या? त्यांनी दिलेल्या मतानुसार आठ. कारण आठ रकअती प्रेषितांच्या कृतीनेही आणि वचनानेही सिद्ध आहेत. बारांच्या मागे तसे बळ नाही. जास्त संख्या म्हणजे जास्त सवाब असा सरळ बाजारभाव त्यांनी लावला नाही. पुरावा जिथे भक्कम तिथे फजीलत जास्त, असे माप त्यांनी वापरले. ही शुद्ध समीक्षा आहे. आपल्या घराघरांत असलेल्या 'बहिश्ती जेवर' किंवा 'बहारे शरीअत'सारख्या उर्दू ग्रंथांत दोन ते बारा ही गणती येते, आणि पुस्तिकाकार तिथून फक्त मोठा आकडा उचलतो.

निवडीनंतर भाषांतर. तिर्मिजी आणि अबू दाऊदमध्ये एक हदीसे कुदसी आहे. तिचा आशय असा, की आदमच्या लेकरा, दिवसाच्या सुरुवातीला माझ्यासाठी चार रकअती पढ, दिवसाच्या अखेरपर्यंत मी तुला पुरेसा होईन. अरबी शब्द 'किफायत'च्या मुळाचा आहे. किफायत म्हणजे पुरणे. मराठी पुस्तिकांत या जागी 'रोजीत बरकत होते', 'धंदा वाढतो', 'कर्ज फिटते' असे शब्द येतात. पुरणे गेले आणि वाढणे आले. हा फरक लहान नाही. आमचा भाग कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर पावसावर. इथल्या माणसाला पुरणे आणि वाढणे यांतले अंतर शाळेत शिकवावे लागत नाही. 'यंदा पुरलं' म्हणणारा शेतकरी समाधानाने बोलतो. त्याला 'यंदा वाढेल' असे वचन दिले आणि सोंगणीच्या वेळी पावसाने शेंगा काळ्या पडल्या, तर तो काय समजेल? एक तर आपली नमाज खोटी, नाही तर वचन खोटे. मूळ हदीसने असे वचन दिलेलेच नव्हते. दिवसाच्या अखेरपर्यंत मी आहे, एवढेच सांगितले होते. ते जास्त मोठे आहे.

हाच 'पुरण्याचा' अर्थ अबू जर यांच्या हदीसमध्येही आहे. रोज सकाळी माणसाच्या प्रत्येक सांध्यावर एक सदका लागू होतो. सुब्हानल्लाह म्हणणे हा सदका, अल्हम्दुलिल्लाह म्हणणे हा सदका, चांगले करायला सांगणे हा सदका, वाईटापासून रोखणे हा सदका, आणि या सर्वांच्या जागी चाश्तच्या दोन रकअती पुरतात. हजरत आयशा यांच्या रिवायतीत सांध्यांची संख्या ३६० आहे. अबू दाऊदमधील हजरत बुरैदा (रजि.) यांच्या रिवायतीत लोकांनी विचारले, की इतका सदका कोणाला परवडणार? तेव्हा उत्तरात मशिदीतला थुंका माती टाकून झाकणे आणि रस्त्यातली अडचण दूर करणे ही कामे सांगितली गेली आणि ते जमले नाही तर चाश्तच्या दोन रकअती.

ही रचना नीट पाहिली पाहिजे. चाश्त इथे एकटी उभी नाही. तिच्या शेजारी मशिदीची स्वच्छता आहे, रस्त्यातला दगड आहे, दुसऱ्या माणसाला दिलेला चांगला सल्ला आहे. सकाळी उठल्यावर आपले बोट वाकते, गुडघा मुडपतो, मान वळते, या प्रत्येक हालचालीचे आपण देणे लागतो आणि ते देणे लोकांच्या उपयोगी पडून फेडायचे आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी दोन रकअती आहेत, कारण नमाजमध्ये सगळे सांधे वाकतात. ही गरिबाची सोय आहे. पुस्तिका काय करतात? 'दोन रकअती = ३६० सदके' असे समीकरण चौकटीत छापतात आणि शेजारचा रस्त्यातला दगड काढून टाकतात. मग वाचक दगडाला वळसा घालून मशिदीत जातो आणि सदका झाला असे समजतो.

आता भीतीविषयी. माझी नानी पाच वक्त नमाजची पाबंद होती, तहज्जुदलाही उठायची. चाश्त मात्र तिने आयुष्यभर सुरू केली नाही. कारण विचारले तर म्हणायची, चाश्त एकदा धरली आणि सुटली तर डोळे जातात. हा समज तिला कोणी दिला हे तिलाही आठवत नव्हते. मी तो तिचा एकटीचा भोळेपणा समजत होते. पुढे 'फतहुल बारी'मधील चर्चेतून कळले, की हाफिज इराकी (वफात ८०६ हिजरी, इ. स. १४०४) यांनी तिर्मिजीच्या शरहमध्ये नेमकी हीच गोष्ट लिहून ठेवली आहे. लोकांत असे पसरले आहे, की चाश्त पढून सोडणारा आंधळा होतो. त्यामुळे पुष्कळ लोक ती मुळातच पढत नाहीत. या समजाला काही आधार नाही आणि लोकांना मोठ्या भलाईपासून वंचित ठेवण्यासाठी सैतानाने तो त्यांच्या जिभेवर टाकलेला दिसतो. सहाशे वर्षांपूर्वी एका आलिमने खोडलेला समज वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्या बाईपर्यंत पोहोचला आणि ते खोडणे मात्र पोहोचले नाही.

आणि हा समज बाईला जास्त छळतो हे पुस्तिकाकारांच्या ध्यानात येत नाही. दर महिन्याला स्त्रीच्या नमाजमध्ये खंड पडतोच. तो तिच्या आळसाने पडत नाही, शरीअतनेच तिला ती सवलत दिली आहे. 'एकदा धरली की सोडू नये' हे वाक्य, जे अनेक पुस्तिकांत ठळक अक्षरांत असते, ते अर्ध्या उम्मतला लागूच होत नाही. सातत्य चांगले आहे, यात वाद नाही. पण 'सातत्य ठेवावे' आणि 'सुटली तर वाईट होईल' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. लेखकाने ती वेगळी ठेवली नाहीत तर वाचणारी बाई घाबरते आणि दारातूनच परत फिरते.

डोळ्यांचाच विषय निघाला आहे तर बुखारीतील हजरत इत्बान बिन मालिक (रजि.) यांची हकीकत पाहा. ते आपल्या कबिल्याचे इमाम होते. त्यांची नजर अधू झाली होती, पावसात ओहोळ वाहू लागला की मशिदीपर्यंत जाता येत नसे. त्यांनी प्रेषितांना विनंती केली, की माझ्या घरी येऊन एका जागी नमाज पढा, म्हणजे ती जागा मी नमाजची करीन. दिवस चढल्यावर प्रेषित हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यासह आले, बसण्याआधी विचारले कुठे पढू, आणि दोन रकअती पढल्या. चाश्तच्या वेळेशी डोळ्यांचा संबंध जोडायचाच असेल तर तो असा आहे. नजर अधू झालेल्याच्या घरी प्रेषित स्वतः चालत आले. अशी हकीकत हाताशी असताना लोक आंधळेपणाची धमकी का सांगत राहिले, याचे मला नवल वाटते.

पुस्तिका आणखी एक गोष्ट लपवतात, ती म्हणजे सहाबांमधील मतभेद. हजरत इब्ने उमर (रजि.) यांना विचारले, तुम्ही चाश्त पढता? ते म्हणाले नाही. हजरत उमर पढत? नाही. अबू बक्र? नाही. प्रेषित? मला तसे वाटत नाही. आणखी एका रिवायतीत मशिदीत लोक चाश्त पढत असताना त्यांनी तिला बिदअत म्हटल्याचे आले आहे. उलमांनी याचा खुलासा केला, की त्यांनी पाहिले नव्हते किंवा मशिदीत जाहीरपणे, रीत केल्यासारखी पढण्याला त्यांची हरकत होती. हजरत आयशा सांगतात, की मी प्रेषितांना चाश्त पढताना पाहिले नाही, मी मात्र पढते. त्यांच्याच दुसऱ्या रिवायतीत चार रकअतींचा उल्लेख आहे आणि तिसरीत सफरीवरून परतल्यावर पढण्याचा. अब्दुर्रहमान बिन अबी लैला म्हणतात, की चाश्त पढताना पाहिल्याचे आम्हाला उम्मे हानींशिवाय कोणी सांगितले नाही.

इमाम बुखारी हे सर्व झाकत नाहीत. त्यांनी ओळीने तीन बाब बांधले. सफरीतील चाश्त, ज्याने चाश्त पढली नाही आणि त्यात मोकळीक मानली त्याचा बाब आणि मुक्कामी असतानाची चाश्त. इब्ने उमर यांचा नकार आणि उम्मे हानींची साक्ष एकाच बाबमध्ये शेजारी शेजारी आहेत. वाचकावर विश्वास असलेला संपादकच असे करू शकतो. आपला पुस्तिकाकार मात्र समजतो, की मतभेद कळला तर वाचक नमाज सोडेल. मला उलट वाटते. आयशा (रजि.) यांनी कारणही सांगून ठेवले आहे, की प्रेषित आवडते काम असूनही कधी कधी सोडून देत, कारण लोक ते करू लागतील आणि ते त्यांच्यावर फर्ज होईल याची त्यांना धास्ती असे. ज्यांना उम्मतवर ओझे नको होते त्यांच्या सुन्नतचे आपण धाक घालून ओझे करतो.

इथे आणखी एक नोंद. या नमाजच्या प्रमुख साक्षीदारांत दोन स्त्रिया आहेत आणि मक्का-विजयासारख्या मोठ्या दिवशी ही नमाज एका बाईच्या घरात झाली. उम्मे हानी सांगतात, की ती फार हलकी नमाज होती, तरी रुकू आणि सजदा पूर्ण होते. पण आपल्या पुस्तिकांचा वाचक कायम पुरुष असतो, फज्रनंतर मशिदीत बसून राहिलेला. चुलीजवळच्या चाश्तवर एक परिच्छेदही नसतो.

मराठीच्या दृष्टीने एक त्रुटी मला सर्वांत जास्त खटकते. मराठी वाचणारा मुसलमान सगळा हनफी नाही. कोकणातले आपले बांधव शाफई आहेत. माहीमचे मखदूम अली माहिमी (इ. स. १३७२ ते १४३१), ज्यांची अरबी तफसीर प्रसिद्ध आहे, ते शाफईच होते. हनफी मतात चाश्त मुस्तहब आहे, शाफई मतात तिला सुन्नतचा दर्जा आहे. नफ्ल सुरू करून मध्येच तोडली तर हनफींकडे ती पुन्हा पढणे वाजिब होते, शाफईंकडे होत नाही. मराठी पुस्तिका उत्तरेकडील उर्दू पुस्तकांवरून उतरवलेल्या असल्यामुळे त्यांत 'मसला असा आहे' एवढेच असते, कोणाच्या मते ते नसते. रत्नागिरीचा वाचक ती पुस्तिका वाचून आपल्या आजोबांना चूक ठरवतो. वऱ्हाड आणि कोकण यांना एकत्र आणणारी भाषा मराठी आहे. म्हणून दोन्ही मते एका पानावर मांडण्याची जबाबदारी मराठीतल्या लेखकावर जास्त आहे.

शेवटचा मुद्दा माझ्या स्वतःच्या चुकीतून आला आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. शाळा सकाळपाळीची, म्हणजे चाश्तची जवळजवळ सारी वेळ शाळेतच जाते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक पुस्तिका वाचून मी बारा रकअतींचा नेम धरला. सातवीच्या वर्गाला शुद्धलेखन देऊन मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात जायची. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली वीस-पंचवीस मिनिटे त्यात जात. बऱ्याच दिवसांनी एका मुलीने विचारले, "मॅडम, आपली नमाज होते, पर हमारा धडा कब होगा?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरेच धडा हवा होता. घरी मराठी बोलत नसलेल्या मुलीला त्या तासिकेशिवाय मराठी कुठे मिळणार होती?

मी एका आलिमांना मसला विचारला. त्यांनी 'रद्दुल मुहतार' काढून दाखवले. इब्ने आबिदीन शामी (वफात १२५२ हिजरी, इ. स. १८३६) यांनी मजुरीच्या प्रकरणात लिहिले आहे, की ज्याची वेळ पगारावर दुसऱ्याची झाली आहे तो फर्ज नमाज पढेल, सुन्नतही पढू शकतो असे काहींचे मत आहे, पण नफ्ल पढणार नाही यावर सर्वांचे एकमत आहे आणि फतवाही त्यावरच आहे. म्हणजे मी ज्या वेळेत सोन्याचा महाल बांधत होते ती वेळच माझी नव्हती. ती त्या मुलींची होती. हक्कुल इबाद, माणसांचा हक्क, नफ्लने फिटत नाही.

हा मसला मी वाचलेल्या चाश्तवरील एकाही पुस्तिकेत मला आढळला नाही. का नसावा? ज्यांच्यासाठी पुस्तिका आहेत ते तर असेच लोक आहेत. रोजंदारीने कापूस वेचणाऱ्या बाया, दुकानातले नोकर, गॅरेजमधली पोरे, शिक्षक, शिपाई. चाश्तची वेळ ही कामाचीच वेळ आहे. त्या माणसाला आधी हे सांगायला हवे, की मालकाच्या वेळेतली चाश्त तुझ्यावर नाही, तुझे काम नीट कर, रस्त्यातला दगड बाजूला कर, तोही सदका आहे. आणि मग सांगायला हवे, की विश्रांतीची पंधरा मिनिटे तुझी आहेत, त्यात दोन रकअती होतात. आता मी तेच करते. आमची मधली सुट्टी पावणेदहाला होते, हिवाळ्यात दिवसाचा चौथा हिस्सा नेमका तेव्हाच सरतो. दोनच रकअती, हलक्या, पण रुकू आणि सजदा पुरे. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी सोडते. डोळे शाबूत आहेत.

चाश्तवर मराठीत एक चांगली पुस्तिका व्हायला हवी असे मला वाटते. ती बत्तीस पानांचीच असावी. तिच्यात नववींसारखी निवड असावी, तिर्मिजींचा शेरा जसाच्या तसा असावा, बुखारींसारखे दोन्ही बाजूंचे म्हणणे असावे, हनफी आणि शाफई दोन्ही मसले नावानिशी असावेत, मजुराचा आणि बाईचा मसला असावा. आणि 'पुरणे' या शब्दाचे भाषांतर 'पुरणे' असेच असावे. आपल्यात मराठी लिहिणारे आलिम आता आहेत, साहित्यिकही आहेत. हे दोघे एका टेबलाशी बसत नाहीत एवढीच अडचण आहे. साहित्यिकांना हे काम कमी प्रतीचे वाटते आणि आलिमांना भाषेची पर्वा वाटत नाही.

नानीचा इंतकाल होऊन बरीच वर्षे झाली. तिला लिहिता-वाचता येत होते, उर्दू आणि थोडी मराठीही. हाफिज इराकींचे ते चार ओळींचे म्हणणे तिच्या उशाशी असलेल्या एखाद्या पुस्तिकेत छापलेले असते, तर तिने चाश्त नक्कीच सुरू केली असती. आपल्या धार्मिक गद्याची समीक्षा का व्हावी, याचे याहून वेगळे कारण मला देता येत नाही.